गणवेशातले मत

भारतीय राज्यघटनेने नागरिकाला दिलेले मूलभूत हक्क सैनिकाच्या बाबतीत किती प्रमाणात लागू व्हावेत, हे ठरवण्याचा अधिकार घटनेच्याच अनुच्छेद ३३ ने संसदेला दिलेला आहे, आणि त्या अधिकाराच्या आधारे १९५० च्या लष्कर अधिनियमात कलम २१ घालण्यात आले. या कलमानुसार सैनिकाने संघटनेचे सदस्य होणे, राजकीय सभेला किंवा निदर्शनाला हजर राहणे आणि वृत्तपत्रांशी संपर्क साधणे किंवा लेखन प्रसिद्ध करणे, या तिन्ही गोष्टींवर सरकार निर्बंध घालू शकते. १९५४ च्या लष्कर नियमांपैकी १९, २० आणि २१ या क्रमांकांच्या नियमांत या निर्बंधांचा तपशील आहे, आणि त्यांतला एकविसावा नियम अधिकाऱ्याच्या लेखणीशी थेट संबंधित आहे, कारण राजकीय प्रश्नावर, सेवेशी निगडित विषयावर किंवा सेवेत मिळालेल्या माहितीवर पूर्वपरवानगीशिवाय काहीही छापता येत नाही, की व्याख्यानही देता येत नाही. शस्त्र बाळगणाऱ्या संघटित समूहाने राजकारणात पक्ष घेऊ नये, हा त्यामागील हेतू रास्त आहे, आणि शेजारच्या देशांचा इतिहास पाहता त्याची गरज कोणी नाकारणार नाही.

तथापि अधिकाऱ्याने जाहीरपणे बोलायचे नाही, याचा अर्थ त्याला मतच नसते असा नाही. सैनिकाला मतदानाचा हक्क आहे, आणि तो बजावता यावा म्हणून ‘सेवा मतदार’ हा स्वतंत्र प्रवर्ग निवडणूक कायद्यात केलेला आहे, ज्यायोगे सीमेवर तैनात असलेला जवान किंवा अधिकारी आपल्या गावच्या मतदारसंघासाठी टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत मत देऊ शकतो. युद्धशास्त्र, संघटना, प्रशिक्षण या विषयांवर लिहिण्याची परंपराही जुनी आहे, कारण १८७० मध्ये सिमल्यात स्थापन झालेल्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या नियतकालिकात अधिकाऱ्यांचे लेख दीड शतक प्रसिद्ध होत आले आहेत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वरिष्ठ अधिकाऱ्याने मंत्र्याला आणि सचिवाला दिलेला स्पष्ट सल्ला हा त्याच्या कर्तव्याचाच भाग मानला जातो. बाहेर मौन आणि आत स्पष्टवक्तेपणा अशा दोन भागांचा हा करार आहे, आणि स्वतंत्र भारताच्या अनुभवावरून असे दिसते की पहिला भाग बहुतेक वेळा पाळला गेला, पण दुसरा भाग मोडला तेव्हा त्याची किंमत देशाने मोजली.

मुलकी-लष्करी संबंध, म्हणजे लोकनियुक्त सरकार आणि सेनादले यांच्यातील अधिकारांची वाटणी, या विषयाच्या अभ्यासात सॅम्युअल हंटिंग्टन यांचा १९५७ मधील ग्रंथ पायाभूत समजला जातो. लष्कराला त्याच्या व्यावसायिक क्षेत्रात पुरेशी स्वायत्तता दिली की ते आपणहून राजकारणापासून दूर राहते, अशी हंटिंग्टन यांची मांडणी होती आणि या व्यवस्थेला त्यांनी ‘वस्तुनिष्ठ नियंत्रण’ म्हटले, तर ज्या व्यवस्थेत सत्ताधारी आपल्या मर्जीतले अधिकारी पुढे आणून लष्कर ताब्यात ठेवतात तिला त्यांनी ‘व्यक्तिनिष्ठ नियंत्रण’ असे नाव दिले. भारतात या दोन्ही पद्धती आलटून पालटून, काही वेळा तर एकाच दशकात, वापरलेल्या दिसतात.

ब्रिटिश काळात सरसेनापतीचे स्थान व्हाइसरॉयच्या खालोखाल होते. व्हाइसरॉयच्या मंडळातील ‘लष्करी सदस्य’ या हुद्द्यावरून लॉर्ड कर्झन आणि सरसेनापती किचनर यांच्यात झालेला संघर्ष इतका विकोपाला गेला की १९०५ मध्ये कर्झन यांनाच राजीनामा द्यावा लागला. लष्करी बाबतीत सरसेनापतीखेरीज दुसऱ्या कोणाचा सल्ला व्हाइसरॉयपर्यंत जाऊ नये, असा किचनर यांचा आग्रह होता आणि लंडनने तो उचलून धरला. स्वातंत्र्यानंतर ही उतरंड जाणीवपूर्वक बदलण्यात आली. सरसेनापती मंत्रिमंडळाबाहेर गेला, त्याच्या जागी बलदेव सिंग हे मुलकी संरक्षणमंत्री आले, दिल्लीतील सरसेनापतीचे निवासस्थान १९४८ मध्ये पंतप्रधानांचे घर झाले आणि पुढे तीन मूर्ती भवन म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि १९५५ मध्ये सरसेनापती हे पदच रद्द होऊन तिन्ही दलांना समान दर्जाचे प्रमुख मिळाले. पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा यांना जाहीर बोलण्याची हौस होती आणि देशाच्या आर्थिक प्रश्नांवरही ते मते मांडत असत, त्यामुळे पंडित नेहरूंनी त्यांना पत्र लिहून पत्रकार परिषदा कमी करण्याचा सल्ला दिला होता. निवृत्तीनंतर करिअप्पा ऑस्ट्रेलियात उच्चायुक्त म्हणून गेले आणि पुढे १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेच्या निवडणुकीला उभे राहिले, परंतु मतदारांनी त्यांना निवडून दिले नाही.

या कराराची खरी कसोटी १९५९ मध्ये लागली, आणि त्या प्रकरणात एका मराठी सेनानीचे नाव असे गुंतले आहे की त्याची हकीकत जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे. लष्करप्रमुख जनरल थिमय्या आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचे पटत नव्हते, आणि वादाचे मुख्य कारण होते वरिष्ठ पदांवरील बढत्यांमध्ये मंत्र्यांचा होणारा हस्तक्षेप. ३१ ऑगस्ट १९५९ रोजी थिमय्यांनी राजीनामा दिला, नेहरूंनी समजूत घालून तो परत घ्यायला लावला, पण तोवर बातमी फुटली आणि २ सप्टेंबरला नेहरूंनी लोकसभेत मुलकी सत्तेच्या श्रेष्ठत्वाचा पुनरुच्चार करताना थिमय्यांनाच बोल लावला. पाकिस्तानात अयुब खान यांनी सत्ता हाती घेऊन जेमतेम वर्ष होत होते, हे ध्यानात घेतले तर नेहरूंची अस्वस्थता समजू शकते. मात्र त्या दिवशी लष्कराला जो संदेश गेला तो असा, की अंतर्गत मार्गाने तक्रार करणाऱ्याची बाजू घेणारा कोणी नाही.

त्याच वेळी पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे ईशान्य सीमेच्या, म्हणजे तेव्हाच्या नेफा प्रदेशाच्या, संरक्षणाचा आराखडा तयार करीत होते. थोरात मूळचे कोल्हापूर संस्थानातील वडगावचे, सँडहर्स्टमध्ये प्रशिक्षण घेतलेले, आणि १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथील लढाईत थिमय्या व एल. पी. सेन यांच्या बरोबरीने पलटणीचे नेतृत्व करून डीएसओ हा सन्मान मिळवलेले अधिकारी होते. ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी वरिष्ठांकडे पाठवलेल्या टिपणाचा गाभा असा होता की, मॅकमहोन रेषेवरील चौक्यांचा उपयोग केवळ टेहळणीपुरता मानावा, कारण तिथपर्यंत रस्ते नाहीत आणि रसद पाठीवरून किंवा विमानातून न्यावी लागते; मुख्य लढत रस्ते पोहोचू शकतील अशा मागच्या भूमीवर, बोमदिलासारख्या ठिकाणी द्यावी, म्हणजे शत्रूची रसदवाट लांबते आणि आपली आखूड होते. रसदीचे गणित डोंगरी युद्धात शौर्याइतकेच निर्णायक असते, हे तत्त्व यात होते, आणि ज्याने सह्याद्रीतील गनिमी युद्धाचा इतिहास वाचला आहे त्याला ते नवे वाटणार नाही.

टिपणावर न थांबता थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौ येथे, जिथे त्या वेळी पूर्व विभागाचे मुख्यालय होते, ‘लाल किला’ या नावाचा युद्धसराव घेतला. असा सराव नकाशे, प्रतिकृती आणि कागदी आकडे यांच्या साहाय्याने केला जातो आणि शत्रू किती दिवसांत कुठे पोहोचेल, आपली कुमक कुठे अडेल, याचा अंदाज त्यातून बांधला जातो. उपलब्ध सैन्य, रस्ते आणि शस्त्रे पाहता चीनचा मोठा हल्ला थोपवता येणार नाही, असा या सरावाचा निष्कर्ष होता. थिमय्यांनी हे टिपण संरक्षणमंत्र्यांपुढे ठेवले, परंतु चीनकडून असा धोका संभवत नाही अशा समजुतीने ते बाजूला पडले. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले, त्यांनी उत्तराधिकारी म्हणून थोरातांचे नाव सुचवलेले असतानाही लष्करप्रमुखपदी थापर यांची नेमणूक झाली आणि थोरातही सेवेतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, ज्या चौक्या केवळ टेहळणीपुरत्या असाव्यात असे थोरात सांगत होते, त्यांच्याही पुढे ढोला येथे चौकी उभारली गेली. त्या भागाची जबाबदारी असलेल्या तेहतिसाव्या कोअरचे प्रमुख उमराव सिंग यांनी पुरेशा तयारीशिवाय चिन्यांना हुसकावण्याच्या मोहिमेला हरकत घेतली, तेव्हा त्यांचे ऐकण्याऐवजी नेफाची जबाबदारीच त्यांच्याकडून काढून घेऊन नव्याने उभारलेल्या चौथ्या कोअरकडे, म्हणजे बी. एम. कौल यांच्याकडे, सोपवण्यात आली. नोव्हेंबर १९६२ च्या तिसऱ्या आठवड्यात सेला आणि बोमदिला दोन्ही पडले. आपले टिपण पंतप्रधानांपर्यंत पोहोचलेच नव्हते, हे पराभवानंतर नेहरूंनी बोलावून घेतले तेव्हाच आपल्याला कळले, असे थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे.

या घटनाक्रमात एकाही अधिकाऱ्याने शिस्त मोडली नाही, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. थोरात आणि उमराव सिंग या दोघांनीही आपले मत लेखी, योग्य मार्गाने, वेळेत मांडले होते. मुलकी नियंत्रण इथे पूर्णपणे शाबूत होते, मात्र ज्या व्यावसायिक ज्ञानासाठी सैन्य पोसले जाते त्या ज्ञानाला निर्णयप्रक्रियेत जागा नव्हती, आणि म्हणून १९६२ च्या पराभवाची चर्चा केवळ शस्त्रांच्या तुटवड्यापुरती ठेवणे अपुरे ठरते.

मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले, आणि सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे महाराष्ट्रात अभिमानाने बोलले गेले. चव्हाणांचे खरे काम मात्र या भावनेपेक्षा पुष्कळ कोरडे आणि चिकाटीचे होते. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याशी नियमित सकाळच्या बैठका घेण्याची पद्धत त्यांनी रुळवली, पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत या अधिकाऱ्यांकडून करवून घेतली, अहवाल गुप्त ठेवला तरी त्यातील निष्कर्षांचे निवेदन सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेपुढे केले, आणि लढाईच्या आखणीत मंत्र्याने तपशिलात शिरायचे नाही असा संकेत रुजू दिला. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले तेव्हा हवाई दलप्रमुख अर्जन सिंग यांनी विमाने पाठवण्याची परवानगी मागितली आणि चव्हाणांनी ती तिथल्या तिथे दिली. ऐकून घेणारा मंत्री असला की सल्ला देणाऱ्याला किती बळ येते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण भारतीय इतिहासात सापडणे कठीण आहे.

१९७१ च्या एप्रिलमध्ये लष्करप्रमुख माणेकशा यांनी इंदिरा गांधींना तत्काळ युद्ध करण्यास नकार देऊन पावसाळा सरेपर्यंत आणि हिमालयातील खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. ती मुख्यतः माणेकशा यांच्याच पुढच्या कथनावर आधारलेली असून, सरकारचाही त्या वेळी लगेच युद्धात उतरण्याचा विचार नव्हता असे श्रीनाथ राघवन यांच्यासारख्या इतिहासकारांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवले आहे. तरीही अधिकाऱ्यांच्या पिढ्यांनी ती आदर्श म्हणून जपली आहे, यावरून लष्कराला आपली भूमिका कशी असावीशी वाटते याचा अंदाज येतो.

असा स्पष्टवक्तेपणा प्रत्यक्षात दुर्मिळ का असतो, याचे उत्तर बरेचसे सेवाजीवनाच्या रचनेत आहे. ए. व्ही. सिंग समितीच्या शिफारशींनंतर अधिकारी १३ वर्षांच्या सेवेनंतर लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत मुदतीनुसार पोहोचतो, पण कर्नल आणि त्यावरील हुद्दे निवड मंडळामार्फत मिळतात आणि तिथून मनोरा झपाट्याने निमुळता होत जातो. निवडीचा मुख्य आधार असतो वार्षिक गोपनीय अहवाल, जो अधिकाऱ्याचा थेट वरिष्ठ लिहितो आणि त्यावरचे अधिकारी तपासतात. त्यातला एखादा मध्यम शेरासुद्धा पुढची वाट अडवू शकतो, आणि ज्या वरिष्ठाशी मतभेद व्यक्त करायचा त्याच्याच हातात तो अहवाल असतो. कर्नलला ५४ व्या आणि ब्रिगेडियरला ५६ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, म्हणजे मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते ऐन भरात असताना. दर दोन-तीन वर्षांनी बदली, फील्ड पोस्टिंग असताना कुटुंब वेगळ्या गावी, मुलांच्या शाळा पुनःपुन्हा बदललेल्या, अशा आयुष्यात निवड मंडळाने एकदा नाकारले की अधिकाऱ्याचे मनोबल खचते, आणि ही भीती मेसमधल्या गप्पांतही उघडपणे बोलली जाते. मेसच्या रिवाजात राजकारण आणि धर्म हे विषय वर्ज्य आहेत, पण पोस्टिंग, बढती आणि पगार मात्र कधीच वर्ज्य नव्हते.

सर्वोच्च पातळीवरही हाच ताण दिसतो. १९७४ मध्ये जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांना मुदतवाढ मिळाल्याने व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी प्रेमिंद्रसिंग भगत लष्करप्रमुख न होताच निवृत्त झाले. १९८३ मध्ये उपप्रमुख एस. के. सिन्हा यांची ज्येष्ठता डावलून अरुणकुमार वैद्य यांची नेमणूक झाली तेव्हा सिन्हा यांनी राजीनामा दिला. वैद्य यांची स्वतःची युद्धातील कामगिरी दोनदा महावीरचक्र मिळवण्याइतकी उज्ज्वल होती, त्यामुळे त्यांच्या योग्यतेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो निवडीचा निकष कोणता, हे कोणालाच न सांगण्याचा. डिसेंबर १९९८ मध्ये नौदलप्रमुख विष्णू भागवत यांना उपप्रमुखाच्या नेमणुकीवरून झालेल्या वादात थेट बडतर्फ करण्यात आले, आणि स्वतंत्र भारतात एखाद्या दलाच्या प्रमुखावर अशी वेळ प्रथमच आली.

पगार आणि निवृत्तिवेतन या प्रश्नांवर अधिकाऱ्यांना संघटना करता येत नाही, संपाचा तर विचारच नाही, आणि म्हणून त्यांची मते न्यायालयात जाऊन बोलू लागतात. चौथ्या वेतन आयोगाने १९८६ पासून कॅप्टन ते ब्रिगेडियर या हुद्द्यांना दरमहा २०० ते १,२०० रुपये ‘हुद्दा वेतन’ देऊ केले, ते मूळ वेतनाखेरीज द्यायचे होते, पण नवे वेतन निश्चित करताना तेवढीच रक्कम मूळ वेतनातून वजा करण्यात आली. ही चूक एका मेजरने केरळ उच्च न्यायालयात दाखवून दिली आणि १९९८ मध्ये त्याच्या बाजूने निकाल लागला, परंतु सर्व अधिकाऱ्यांना तो लागू करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश यायला २०१२ उजाडावे लागले, तोवर १९८६ चे कित्येक मेजर निवृत्त झाले होते. ज्या व्यवस्थेत तक्रारीचा सामूहिक मार्ग बंद आहे तिथे सरकारने स्वतःहून अधिक काटेकोर असायला हवे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

‘एक हुद्दा, एक निवृत्तिवेतन’ या मागणीचा प्रवासही असाच लांबला. एकाच हुद्द्यावरून आणि तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्या दोघांना, निवृत्तीचे वर्ष कोणतेही असो, सारखेच निवृत्तिवेतन मिळावे, असा या मागणीचा अर्थ आहे, आणि राज्यसभेच्या कोश्यारी समितीने २०११ मध्ये तिला पाठिंबा दिला होता. जून २०१५ मध्ये दिल्लीच्या जंतर मंतरवर माजी सैनिक, जवान आणि जनरल एकत्र, साखळी उपोषणाला बसले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला दर पाच वर्षांनी समानीकरण करण्याचा आदेश निघाला. दरवर्षी समानीकरण व्हावे या माजी सैनिकांच्या आग्रहाला सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्यता दिली नाही. सेवेत असताना ज्यांना निदर्शनाच्या जवळही फिरकता येत नव्हते, त्यांनी निवृत्तीनंतर रस्त्याचा आधार घेतला, आणि सेवेतील अधिकारी ते टक लावून पाहत होते, कारण त्यांचाही भविष्यकाळ तोच होता.

अधिकाऱ्यांच्या मतांना नेहमीच पुढारलेले मानण्याचे कारण नाही. महिला अधिकाऱ्यांना कायम नियुक्ती देण्याच्या प्रश्नावर सरकारने न्यायालयात असाही युक्तिवाद केला होता की ग्रामीण भागातून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व मनाने स्वीकारणार नाहीत, आणि हे मत लष्करातील बऱ्याच वरिष्ठांचेही होते. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतर पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तिथून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. व्यावसायिक सल्ला आणि अंगवळणी पडलेला पूर्वग्रह यांतील भेद करण्याचे काम मुलकी सत्तेचे आणि न्यायसंस्थेचे आहे, आणि ते सल्ला ऐकूनच करता येते.

सध्या या विषयावर सर्वाधिक चर्चा आहे ती ‘अग्निपथ’ योजनेची. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या या योजनेत जवानांची भरती चार वर्षांसाठी होते आणि त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत जवानांनाच पुढे नियमित सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना ‘सेवा निधी’ म्हणून सुमारे पावणेबारा लाख रुपये मिळतात, निवृत्तिवेतन नाही. साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगेसारख्या गावात, जिथे लष्करातली नोकरी पिढ्यान्‌पिढ्या घराला आधार देत आली, या बदलाचा अर्थ आकड्यांपेक्षा फार वेगळा आहे. योजनेच्या आखणीच्या काळात लष्करप्रमुख होते पुण्याचे मनोज मुकुंद नरवणे. त्यांच्या आत्मचरित्रातील जे उतारे डिसेंबर २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने प्रसिद्ध केले, त्यांनुसार लष्कराचा मूळ प्रस्ताव याहून मर्यादित स्वरूपाचा होता, तिन्ही दलांना लागू होणारे रूप नौदल आणि हवाई दलाला अनपेक्षित होते, मोठ्या संख्येने, म्हणजे ७५ टक्के, जवान कायम ठेवावेत असे लष्कराचे मत होते, आणि पहिल्या वर्षीचा प्रस्तावित २०,००० रुपयांचा पगार लष्कराच्या आग्रहानंतर ३०,००० झाला. त्यानंतर या पुस्तकाचे प्रकाशन संरक्षण मंत्रालयाच्या तपासणीसाठी रोखण्यात आले.

थोरातांच्या टिपणाप्रमाणे इथेही मतभेद आतच मांडले गेले होते आणि त्यांपैकी काही, पगाराबाबतचे निदान, मान्यही झाले. फरक इतकाच की अग्निपथविषयी संसदेत स्वतंत्र कायदा झाला नाही, संसदीय समितीपुढे लष्करप्रमुखांची साक्ष घेऊन योजनेची तपासणीही आधी झाली नाही, आणि लाखो कुटुंबांशी निगडित असलेल्या निर्णयावर सेनादलांचे व्यावसायिक मत काय होते हे नागरिकांना निवृत्त लष्करप्रमुखाच्या अडकलेल्या पुस्तकातील उताऱ्यांवरून कळले. ब्रिटन आणि अमेरिकेत सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांना संसदीय समित्यांपुढे बोलावून प्रश्न विचारले जातात आणि त्यातला बराचसा भाग खुला असतो. भारतात संरक्षणविषयक स्थायी समिती आहे, अधिकारी तिच्यापुढे येतातही, पण बैठका बंद दाराआड होतात आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. कलम २१ ला धक्का न लावता या समितीच्या काही साक्षी खुल्या करता येतील, आणि एखाद्या मोठ्या धोरणावर सेनादलांनी दिलेला लेखी सल्ला ठरावीक वर्षांनी संसदेपुढे ठेवण्याचा नियमही करता येईल. हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल मात्र सहा दशकांनंतरही सरकारने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही.